गाडी ‘स्लो’ घेत नाही : पुणे-नगर रस्त्यावरच्या एका निदानविद्येचा मागोवा

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या सरकारी परिवहन सेवेची पहिली बस धावली. एसटीच्या इतिहासात ही तारीख ठळक अक्षरांत आहे. लाकडी सांगाड्याच्या, काथ्याच्या बैठकीच्या त्या बेडफर्ड गाड्यांची वर्णने दर वर्धापनदिनी वृत्तपत्रांत नव्याने छापली जातात. मला त्या मार्गात रस आहे तो दुसऱ्या कारणासाठी. गाड्या धावल्या याची नोंद होते, गाड्या थांबल्या याची होत नाही. आणि एखाद्या प्रदेशात यंत्र खऱ्या अर्थाने रुजते ते धावण्यातून नव्हे, थांबण्यातून. थांबलेले यंत्र का थांबले हे सांगू शकणारा माणूस त्या मुलखात तयार झाला की मगच ते यंत्र तिथले होते.

शिरूर ओलांडून नगरकडे निघालो की वाडेगव्हाणला फाटा लागतो. तिथून पारनेरच्या रस्त्याला वळले की राळेगणसिद्धी. वर्षाला चारपाचशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. बेडफर्ड आल्या, त्यामागून लष्कराचे ट्रक, पंचायत समितीच्या जीपा, लूना, ट्रॅक्टर आणि पाण्याचे टँकर आले. या सगळ्यांना केव्हा ना केव्हा एक आजार झाला. चालताना ठीक, पण उभी केली की इंजिन थरथरते, हुंदके देते आणि शेवटी बंद पडते. गॅरेजच्या मराठीत याला ‘गाडी स्लो घेत नाही’ म्हणतात. या एका आजाराच्या निदानाचा गेल्या पाऊणशे वर्षांतला प्रवास इथे मांडतो आहे.

आधी हा आजार एवढा बोलका का, ते पाहू. पेट्रोल इंजिन उभ्या जागी चालते तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. इंजिन श्वास घेऊ पाहते आणि वाट बंद असते, म्हणून झडपेच्या आतल्या बाजूला जोरदार निर्वात तयार होतो. पेट्रोल येते ते एका बारीक छिद्रातून. सोलेक्स कार्बोरेटरच्या स्लो जेटवर ४५ किंवा ५० असा आकडा कोरलेला असतो. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे छिद्र अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहून लहान. धुळीचा एक कण पुरतो. शिवाय या अवस्थेत इंजिनाकडे शिल्लक ताकद नसते. रस्त्यावर वेगात असताना चारांतले एक सिलिंडर आजारी असले तरी बाकीचे तीन त्याला ओढून नेतात. मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर ते जमत नाही. चार सिलिंडरचे इंजिन या गतीला सेकंदाला वीस ठोके देते. त्यातले पाच गळले की तो लंगडेपणा कुठल्याही कानाला कळतो. म्हणून जुने मिस्त्री गाडी चालवून पाहण्याआधी ती उभी ठेवून ऐकत. वैद्य नाडी पाहतो तसे म्हणायला हरकत नाही, फक्त इथे बोटांऐवजी स्क्रू ड्रायव्हर. त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला.

ही विद्या या भागात तीन वाटांनी आली असे माझे मत आहे.

पहिली वाट लष्कराची. नगर हे इंग्रजांच्या काळापासून छावणीचे शहर. फाळणीच्या वेळी लष्करी वाहनांची तांत्रिक तपासणी करणारी संस्था चकलाल्याहून नगरला हलवण्यात आली. आजची वाहन संशोधन आणि विकास संस्था (व्हीआरडीई) तिच्यातूनच उभी राहिली. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्रही इथलेच. त्यामुळे चाकाच्या लष्करी वाहनाला काय होते आणि का होते, हा प्रश्न नगरमध्ये पगारी माणसे पद्धतशीरपणे विचारत होती.

लष्करी निदानाचे वैशिष्ट्य म्हणजे ते लिहिलेले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने विलीज जीपसाठी काढलेली १९४४ ची ‘टीएम ९-८०३’ ही पुस्तिका पाहावी. तिच्यात बिघाडांचा एक स्वतंत्र भाग आहे. लक्षण कोणते, त्याची संभाव्य कारणे कोणती, प्रत्येकावर उपाय काय. शेतावरून थेट भरती झालेल्या पोराला इंजिनाचे शास्त्र शिकवायला वेळ नव्हता, म्हणून शास्त्राची पायवाट करून दिली. त्याच सैन्याच्या ‘आर्मी मोटर्स’ या मासिकात विल आयस्नर नावाचा चित्रकार देखभालीचे धडे चक्क व्यंगचित्रांतून देत होता. आपल्याकडे १९४३ मध्ये लष्करी विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांचे दल, म्हणजे ईएमई, स्थापन झाले. चालकाने काय पाहायचे आणि कारखान्याने काय, याची विभागणी रुळली. सकाळची ‘फर्स्ट परेड’, वाटेतली ‘हॉल्ट परेड’ आणि परतल्यावरची ‘लास्ट परेड’ हे शब्द माजी सैनिक चालकांच्या तोंडी अजून असतात. या परेडी माणसांच्या नव्हेत, वाहनांच्या तपासणीच्या.

राळेगणसिद्धीचे नाव ज्यांच्यामुळे देशाला ठाऊक झाले ते अण्णा हजारे याच व्यवस्थेतले ट्रकचालक. औरंगाबादला प्रशिक्षण आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात नेमणूक. तिथल्या हल्ल्यात ते ट्रक चालवत असताना बचावले, ही हकिगत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये ते गावी परतले. पुढच्या पाणलोट कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तो माझा विषय नाही. बंद पडलेल्या ट्रकचे निदान आणि कोरड्या पडलेल्या गावाचे निदान यांची तुलना करण्याचा मोह इथे होतो. तो मी टाळतो, कारण अशा तुलना गोड वाटतात आणि पुराव्याशिवाय उभ्या असतात. पण एक गोष्ट साधी आणि खरी आहे. गोळीबाराच्या टप्प्यात ट्रक बंद पडणे म्हणजे काय, हे माहीत असलेली माणसे या जिल्ह्यातल्या गावोगावी परत येत होती.

त्या काळात लष्करात दोन प्रकारची इंजिने शेजारी शेजारी नांदत होती. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात १९५९ पासून जर्मन एमएएन कंपनीच्या परवान्यावर बनू लागलेला ‘शक्तिमान’ डिझेलचा, तर निसानच्या परवान्यावरचा एक टनी ट्रक पेट्रोलचा. दोघांचे बंद पडणे वेगळे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे तिथे पॉइंट, कंडेन्सर, प्लग यांच्या वाट्याला जायचे कारण नाही. उभ्या जागी डिझेल गाडी गचके खाऊन बंद पडली तर पहिला संशय इंधनाच्या नळीत शिरलेल्या हवेचा. ‘गाडीने एअर धरली’ हा प्रयोग नगरकडच्या ट्रॅक्टरवाल्याला आजही समजावून सांगावा लागत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेसाळ डिझेल येते तोवर येऊ द्यायचे, एकसंध धार आली की स्क्रू आवळायचा. मग पुढचा स्क्रू. टाकीकडून इंजिनाकडे, याच क्रमाने. क्रम चुकला की हवा पुन्हा मागून येते.

दुसरी वाट एसटीची. सुरुवातीच्या बेडफर्ड पेट्रोलच्या होत्या. पुढे टाटा आणि लेलँडच्या डिझेल गाड्यांनी त्यांची जागा घेतली. आगार, विभागीय कार्यशाळा आणि त्यावर दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा, अशी उतरंड बसली. लष्करी पद्धतीचे हे नागरी रूप. चालकाने तक्रार लिहायची आणि आगारातल्या कारागिराने ती सोडवायची. यात एक वैगुण्य होते. गाडी बंद पडते तेव्हा ती पाहणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसरा. ‘गाडी बंद पडते’ एवढेच लिहून आले तर आगारात थंड इंजिनावर काहीच सापडत नाही. गाडी परत रस्त्यावर जाते आणि सुप्याच्या अलीकडे पुन्हा उभी राहते. प्रवासी उतरून धक्का मारतात हे चित्र आपल्या विनोदी साहित्याने अजरामर केले. पण धक्क्याने फक्त बॅटरीचा किंवा स्टार्टरचा दोष झाकला जातो, हे त्या विनोदात कुठेच येत नाही.

तिसरी वाट रस्त्याकडेच्या गॅरेजची. माझ्या लेखी तीच सर्वांत समृद्ध. इथे पुस्तिका नव्हती, फिलर गेज असलेच तर एखादे. पॉइंटची फट काडेपेटीच्या पुठ्ठ्याने लावायची आणि पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडले तर ते सिलिंडर काम करत होते, काहीच फरक पडला नाही तर आजारी तेच. मग त्याचा प्लग काढून रंग पाहायचा. काळा, कोरड्या काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पांढुरका असेल तर उलट. ओला आणि तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हची वाट. तांबूस विटकरी रंग निघाला तर दोष दुसरीकडे शोधायचा.

काळ्या प्लगचे एक कारण या भागात खास होते, धूळ. जुन्या जीपचा एअर फिल्टर तेलाचा असे. हवा तेलावरून वळसा घेताना धूळ तेलात बसायची. पारनेरच्या उन्हाळी कच्च्या रस्त्यांवर त्या तेलाचा चिखल फार लवकर होई. कार्बोरेटर निर्दोष, पॉइंट निर्दोष, तरी गाडी गुदमरते, कारण तिचे नाकच बंद.

इथे पुस्तकी ज्ञान आणि स्थानिक ज्ञान यांच्यात एक गमतीची फट दिसते. निर्वात मोजणारे व्हॅक्युम गेज हे परदेशी गॅरेजमधले आवडते हत्यार. पुस्तक सांगते की निरोगी इंजिन उभ्या जागी पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवते आणि काटा स्थिर असतो. काटा ठराविक अंतराने खाली झटकला तर एखादा व्हॉल्व्ह जळालेला, हळूहळू झुलत राहिला तर मिश्रण बिघडलेले. पण हे आकडे समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरावा लागतो. नगरची उंची साडेसहाशे मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. मुंबईत १८ दाखवणारे इंजिन इथे १६ दाखवणार. केवळ आकडा पाहणारा माणूस धडधाकट इंजिनाला आजारी ठरवेल. काट्याची हालचाल पाहणाऱ्याची फसगत होणार नाही.

आता या विषयातल्या सर्वांत अवघड गाठीकडे येतो. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण शासनाचे दृश्य चिन्ह झाले. महिंद्रने १९४७ पासून मुंबईत जुळवायला घेतलेली ही गाडी तेव्हा बहुधा पेट्रोलवर चाले. मग १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांची मोजमापे, मजुरांचे पगार, आजाऱ्यांना तालुक्याला नेणे, सगळे अशाच गाड्यांवर. खडी फोडणाऱ्या मजुराच्या हातावर पैसे पडायला दोन दिवस उशीर झाला तर त्या घरात चूल पेटत नसे. अशा वेळी भर उन्हात जीप बंद पडली की चालकाचा एकच उपाय ठरलेला होता. पेट्रोल पंपावर ओले फडके टाका, वीस मिनिटे झाडाखाली बसा आणि स्टार्टर मारा. गाडी चालू होई.

या फडक्यामागे शास्त्र आहेच. जीपचा इंधन पंप इंजिनाच्या त्याच अंगाला, जिथून तापलेला धूर बाहेर पडतो. तापलेल्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही आणि इंजिन उपाशी मरते. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. पंप थंड केला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते.

पण ‘तापली की बंद पडते, थांबलो की चालू होते’ ही एकच कहाणी निदान चार वेगवेगळे आजार सांगतात. इग्निशन कॉइल आतून कमजोर झाली असेल तर तापल्यावर तिची ठिणगी मरते आणि वीस मिनिटांनी परत येते. कंडेन्सरचेही तसेच. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र धुळीने बुजले असेल तर पेट्रोल जसजसे कमी होते तसतसा टाकीत निर्वात वाढतो. शेवटी पंप हरतो, गाडी थांबते आणि थांबल्या वेळात हवा कुठून तरी झिरपून आत जाते. टाकीच्या तळाचा कचरा पेट्रोलच्या ओढीने नळीच्या तोंडावर बसत असेल, तर इंजिन थांबताच तो पुन्हा खाली बसतो. चारही आजारांत ओले फडके टाकून वीस मिनिटे थांबले की गाडी चालू होणारच! फडके न टाकता थांबले तरी होणारच. गुण फडक्याचा की वीस मिनिटांचा, हे वेगळे काढल्याशिवाय निदान झाले असे म्हणता येत नाही. दोन पिढ्यांच्या चालकांनी फडक्याला जे श्रेय दिले त्यातला मोठा वाटा नुसत्या वेळेचा असावा, असा माझा कयास आहे.

निदान करायचे तर ते गाडी बंद पडल्याच्या त्याच क्षणी, ती थंड होण्याच्या आत करावे लागते. माझ्याकडे अशाच वयाची एक पेट्रोल जीप आहे. तिच्यावर हा क्रम मी पुष्कळदा वापरला आहे. गाडी थांबताच आधी टाकीचे झाकण उघडायचे. ‘फुस्स’ असा हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर दोष पै-पैशाच्या छिद्राचा. आवाज आला नाही तर प्लगची एक वायर काढून इंजिनाच्या धातूजवळ धरायची, दुसऱ्याने स्टार्टर मारायचा. पेट्रोलची गळती किंवा वास नाही हे आधी पाहून घ्यायचे आणि वायर कोरड्या फडक्यात धरायची, हे वेगळे सांगायला नको. निळी, कडकडीत ठिणगी असेल तर वीज निर्दोष. पिवळी, मरगळलेली असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर. ठिणगी चांगली असेल तर पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी बाटलीत सोडून स्टार्टर मारायचा. बुडबुडे आणि तुटक धार दिसली की व्हेपर लॉक किंवा हवा ओढणारा जोड, काहीच आले नाही तर नळी तुंबलेली किंवा पंपाचा पडदा फाटलेला. एवढे करायला पाच मिनिटे लागतात. हे न करता माझ्या त्याच जीपला एका गॅरेजने कॉइल, पंप आणि कार्बोरेटर अशा क्रमाने तिन्ही वस्तू नव्या बसवून बिल दिले होते. ‘बदलून बघू’ ही पद्धत निदानाच्या अगदी उलट टोकाची. तिच्यात गाडी दुरुस्त झाली तरी ज्ञान काहीच मिळत नाही.

लूनाचा उल्लेख नगरच्या माणसाला टाळता येणार नाही. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली ही पन्नास सीसीची मोपेड नगरच्याच कारखान्यातली. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच मिसळलेले तेल, त्यामुळे प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी. सायलेन्सर तुंबला की धूर बाहेर पडत नाही आणि नवे मिश्रण आत येत नाही. लूनाने निदान गॅरेजमधून घरात आणले. प्लग काढून तो चुलीवर तापवून पुन्हा लावणारे प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले या जिल्ह्यात हजारोंनी असतील.

आतापर्यंतचे सर्व दोष यंत्राचे किंवा हवामानाचे होते. एक दोष माणसाचा आहे, रॉकेलची भेसळ. शिधावाटपाचे स्वस्त, निळा रंग दिलेले रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळले की पेट्रोल गाडी थंडीत चालू व्हायला त्रास देते, उभ्या जागी थरथरते, प्लग आणि व्हॉल्व्ह काळे पडतात. चाळणकागदावर थेंब टाकून पाहण्याची चाचणी यासाठीच. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. गॅरेजमध्ये हा किरकोळ आजार समजला जाई. पण त्याच्या मागे केवढा व्यापार उभा होता हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. इंधनाच्या भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. इंजिनाच्या एका हुंदक्याचे कारण शोधत मागे जावे तर वाट इथवरही येते.

नव्या शतकाने या विद्येची भूमीच बदलली. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले. हवेसाठी ते उत्तमच. पण शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. जुन्या इंजिनांत ती बैठक झिजू लागली की व्हॉल्व्ह आत आत जातो, टॅपेटची फट मिटत जाते आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. टॅपेट वाजत नाही म्हणून मालक खूश, आणि गाडी मात्र स्लो घेत नाही. त्याच सुमारास कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. २०१० नंतर मोटारींत दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि २०२० च्या बीएस-सहा मानकांनी बहुतेक दुचाकींतूनही कार्बोरेटर हद्दपार केला. आता मिस्त्री कान लावत नाही, स्क्रीन लावतो. मला यात रडण्यासारखे काही दिसत नाही. स्क्रीनवरचा आकडा हेही लक्षणच असते. ‘मिश्रण पातळ’ असा संदेश आला तरी हवा कुठून गळते ते शोधायला शेवटी हात आणि कान लागतात. फरक एवढाच की संदेश वाचून थेट सेन्सर बदलणारे आता अधिक आहेत. ‘बदलून बघू’ला स्क्रीनची प्रतिष्ठा मिळाली.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याचा नियम लागू झाला आणि तालुक्यांच्या आवारात उरलेल्या जुन्या जीपा भंगारात निघाल्या. खासगी मालकांकडे अजून काही आहेत. त्यांच्यापुढे आता नवीच अडचण आहे. पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेले. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या नगरच्या उसाचा अंश आता त्याच जिल्ह्यातल्या जीपच्या टाकीत परत येतो आहे. इथेनॉलच्या रेणूत वजनाने एक तृतीयांशाहून अधिक प्राणवायू असतो, म्हणून जुन्या जेटमधून येणारे मिश्रण पातळ पडते. ते जुन्या टाकीतला साचलेला राळ सैल करते, जुने रबर फुगवते, हवेतले पाणी ओढते. परिणाम तोच, उभ्या जागी हुंदके, प्लग पांढुरका. इंजेक्शनची गाडी हे स्वतः सावरून घेते, कार्बोरेटर घेऊ शकत नाही. त्यासाठी इंधनाची नळी आणि पंपाचा पडदा नव्या जातीच्या रबराचा घालावा लागतो, पहिल्या दोनतीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा लागतो, आणि स्लो जेट एक नंबर मोठा, म्हणजे ४५ च्या जागी ५० चा, बसवून हवेचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत इंजिन पुन्हा ऐकावे लागते.